शेवटची अदलाबदल

बाबा – मोजून झालं असेल तर बोल आता.

ठिणगी – अजून नाही झालं.

बाबा – बेकरीतली पीठ मळायची मोटार आहे ती, धरणावरची नाही. मघापासून तारेचे वळसे मोजतेयस. एवढी तार भरलीस तर झाकण बसायचं नाही.

ठिणगी – बाबा, मोजणी चालू असताना बोलायचं नाही, हा नियम या दुकानात कुणी लावला?

बाबा – मीच. पण तो मोजणाऱ्यासाठी. तार फिरायचा आवाज कधीचा थांबलाय. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत.

ठिणगी – डोळे गेलेत असं नका म्हणू. मधलं दिसत नाही, एवढंच.

बाबा – बघण्यासारखं सगळं नेमकं मध्येच असतं, पोरी. कडेनं दिसतं ते काय, तर भिंत, फळी, दाराची चौकट. आत्ता तू समोर बसलीयस ना, तर तुझ्या एका बाजूला वॉर्निशचा डबा दिसतो, दुसऱ्या बाजूला पकडी टांगलेल्या दिसतात आणि मध्ये नुसता धूर. त्या धुराला मी सूनबाई म्हणतो.

ठिणगी – धूर म्हणे. काहीतरी बरं म्हणा की.

बाबा – म्हटलंय ना. पहिल्या दिवशी डबा द्यायला आलीस आणि नको त्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्यास, तेव्हापासून ठिणगी म्हणतोय. आता विषय बदलू नकोस. सकाळी ट्रेनिंग सेंटरला गेलीस. चाचणी झाली?

ठिणगी – झाली.

बाबा – मग?

ठिणगी – मग काय, परत आले. येताना बेकरीतून ही मोटार उचलली. बेकरीवाले म्हणाले, दोन दिवसांत द्या, हातानं पीठ मळून त्यांचा खांदा भरून आलाय.

बाबा – बेकरीवाल्याचा खांदा राहू दे. तुला घेतलं की नाही?

ठिणगी – घेतलं.

बाबा – घेतलं? आणि हे तू असं सांगतेयस, जणू पाणी गेलंय नळाचं?

ठिणगी – घेतलं, पण मी जाणार नाहीये. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचंय. नाही म्हणून कळवते.

बाबा – असं. आणि हे कधी ठरलं?

ठिणगी – येताना. बसमध्ये.

बाबा – तुझा नवरा बस चालवतो म्हणून सगळे निर्णय बसमध्येच घ्यायचे असतात का? त्यानं मागच्या महिन्यापासून लांबचा रूट घेतलाय, तुझ्या फीसाठी. त्याला कळवलंस?

ठिणगी – रात्री सांगेन. त्यालाही सुटल्यासारखं होईल. लांबच्या रूटनं पाठ धरलीय त्याची.

बाबा – त्याची पाठ लहानपणापासून धरलेलीच आहे. दुकानात ये म्हटलं की पाठ धरायची आणि वॉर्निशचा वास आला की शिंका सुरू. का जाणार नाहीस ते सांग.

ठिणगी – किती कारणं देऊ? वर्षभर रोज सकाळी जायचं, दुपार कलल्यावर यायचं. तोवर दुकान कोण बघणार? आलेल्या मोटारीवरची पाटी कोण वाचणार? लाल वायर कुठली, पिवळी कुठली, ते तुम्हाला कोण सांगणार? गिऱ्हाईक दोनदा कुलूप बघेल, तिसऱ्यांदा पुलापलीकडच्या वर्कशॉपात जाईल. वर्षभरानं मी प्रमाणपत्र घेऊन येईन आणि लावायला दुकानाची भिंतच नसेल.

बाबा – बरं. हा झाला खर्च. आता मिळकत सांग.

ठिणगी – मिळकत काय, एक कागद.

बाबा – रुग्णालयाच्या पंपाची मोटार कुणी भरली?

ठिणगी – मी.

बाबा – बिल कुणाच्या नावानं गेलं?

ठिणगी – पुलापलीकडच्या वर्कशॉपच्या.

बाबा – का?

ठिणगी – तपासणीच्या रिपोर्टवर प्रमाणपत्रवाल्याची सही लागते म्हणून. माहीत आहे तुम्हाला, मला कशाला वदवून घेताय?

बाबा – कारण तो पंप बसवला त्या दिवशी तू घरी येऊन जेवली नाहीस. त्यांच्या माणसानं तुझ्या मोटारीवर त्यांचा स्टिकर चिकटवला आणि तू बाजूला उभी राहून त्याला कात्री दिलीस. हे तूच सांगितलंस मला. त्याच रात्री म्हणालीस, बाबा, मला सही करायचीय.

ठिणगी – म्हणाले असेन. आता नाही करायची.

बाबा – कुठेतरी पाणी मुरतंय.

ठिणगी – काही मुरत नाहीये. चाळिशीला टेकलेली बाई मी, विशीच्या मुलांमध्ये बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घेणार का?

बाबा – विशीच्या मुलांची भीती तुला कधीपासून वाटायला लागली? परवा त्या बेकरीच्या ड्रायव्हरला कसा झापलास, मी आत चहा पीत होतो तर कप खाली ठेवला.

शिंपीणकाकू – मीही ऐकलं ते. शेजारी बसून बाही लावत होते, ती तिरकी गेली. येऊ का आत? चहा आणलाय. आणि सांगून ठेवते, मधली भिंत पत्र्याची आहे, तेव्हा मला पहिल्यापासून काही सांगायच्या भानगडीत पडू नका. सगळं ऐकलंय.

बाबा – या शिंपीणबाई. भिंत पत्र्याची नसती तर तुम्ही पाडून पत्र्याची केली असती.

शिंपीणकाकू – केली असती. दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकायचा, मधूनमधून माणसाचं बोलणं नको का कानावर पडायला? घे गं, तू आधी घे. हात कसले ते, वॉर्निशनं माखलेत. आणि केस मागे घे, कपात जातील.

ठिणगी – राहू द्या काकू, हातानं मागे सारले तर सगळीकडे लागेल.

शिंपीणकाकू – बरं, मी काय म्हणते, तुम्हा दोघांना राग येणार असेल तर येऊ दे. भाऊ, तुम्ही तिला एवढं जा जा करताय, पण पुढचं बघितलंत का? हातात कागद आला की पुलापलीकडचे हिला नोकरी देतील. पगार, सुट्टी, पंख्याखालची खुर्ची. मग ही तुमच्या या काळोख्या दुकानात परत कशाला येईल? शिकवून तयार करायचं आणि दुसऱ्याच्या पदरात घालायचं, असं होईल ते.

ठिणगी – काकू, मी कुठे जाणार नाहीये.

बाबा – गेली तर गेली.

ठिणगी – बाबा.

बाबा – खरं तेच सांगतोय. शिंपीणबाई, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी दुकान विकायला काढलं होतं. तुम्हालाच विचारलं होतं आधी, भिंत पाडून मोठं करता का म्हणून. आठवतंय?

शिंपीणकाकू – आठवतंय. मी रडले होते, तेही आठवतंय.

बाबा – त्यानंतर इतकी वर्षं मी रोज सकाळी येऊन हे शटर वर करतोय, ते हिच्या जिवावर. लोक अजून मला मिस्त्री म्हणतात, नमस्कार करतात. यातला कितीसा माझा? हात हिचे, नाव माझं. पुलापलीकडच्यांनी हिच्या मोटारीवर स्टिकर लावला तर हिला जेवण गेलं नाही. आणि मी इतकी वर्षं तेच करतोय, तर ही मला चहा करून देते.

ठिणगी – तुम्ही आणि ते एक नाही. ज्यांनी हातात तार दिली त्यांचंच नाव लागणार. मला तर वाहायची पिशवी आणि चिरायची भाजी यापलीकडे हातांचा उपयोग माहीत नव्हता. तुम्ही बसवलंत. कोण सासरा बसवतो? उगाच तेच ते बोलू नका.

शिंपीणकाकू – अगं मग त्याच माणसाचं ऐकायला काय होतंय? जा म्हणतोय तर जा. मी मघाशी म्हटलं ते पोटातलं म्हटलं, झालं. तू गेलीस तर मला करमणार नाही, हे खरं कारण. आता सांग, चाचणीत काय करायला लावलं? अवघड होतं?

ठिणगी – अवघड कसलं. छोटी मोटार होती, तीन फेजची. तारेच्या कॉइल तयारच होत्या. खाचांमध्ये बसवायच्या, टोकं जोडायची, चालवून दाखवायची. सगळ्यात आधी माझी झाली.

बाबा – फिरली?

ठिणगी – पहिल्या दणक्यात. आवाज तर असा, की नुसती गुणगुणतेय.

बाबा – हां. मग?

ठिणगी – मग काही नाही.

शिंपीणकाकू – अगं काही नाही काय? ओठावर आलेलं गिळतेयस.

ठिणगी – हसले सगळे.

बाबा – कोण हसले?

ठिणगी – मुलं. जाऊ द्या ना बाबा.

बाबा – फिरणाऱ्या मोटारीला कोण हसतं? तू काय केलंस?

ठिणगी – काही वेगळं नाही केलं. आपण करतो तेच. कॉइल बसवल्या, टोकं बाहेर काढली आणि शेवटची अदलाबदल केली.

बाबा – काय केलीस?

ठिणगी – शेवटची अदलाबदल. तीन वायरींतल्या दोन एकमेकींच्या जागी. तिथल्या शिकवणाऱ्या बाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, हे कशासाठी केलंत? मी म्हटलं, ती शेवटची पायरी आहे ना, मोटार भरून झाली की करायची. त्या म्हणाल्या, अशी कुठली पायरी नसते. मी म्हटलं, असते, आमच्या दुकानात पहिल्यापासून आहे. तेव्हा हसले.

बाबा – पुढे?

ठिणगी – मग बाईंनी वाकून आत बघितलं. म्हणाल्या, तुम्ही सगळी मोटार उलटी भरलीय. कॉइल उलट्या क्रमानं गेल्यात, म्हणून ती उलटी फिरणार, आणि म्हणून तुम्ही शेवटी दोन वायरी बदलून तिला सुलटी करता. मागून एक जण म्हणाला, ज्यानं शिकवलं त्यानंच उलटं शिकवलं असणार. झालं. ज्या जागी तुम्हाला हसतात तिथे मी पाय ठेवणार नाही. मला नको तो कागद.

शिंपीणकाकू – अगं बाई. भाऊ, तुम्ही… भाऊ, तुम्ही हसताय?

बाबा – हसू नको तर काय करू? पायरी म्हणे. दहा पोरांसमोर छातीठोक सांगून आली, आमच्या दुकानात पहिल्यापासून आहे.

ठिणगी – बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?

शिंपीणकाकू – भाऊ, आता मीही हसू का? किती वर्षं तोंड शिवून ठेवलंय मी. माझ्यासारख्या बाईनं.

ठिणगी – तुम्हाला काय माहीत होतं काकू?

शिंपीणकाकू – सांगू का हो?

बाबा – सांगा आता. गुपित ठेवून तुमची तब्येत उतरली असेल.

शिंपीणकाकू – अगं, तू भरलेली पहिली मोटार कुठली?

ठिणगी – तुमच्या दुकानातल्या पंख्याची. बाबांनी टेबलावर ठेवून चालू केली होती, अजून डोळ्यांसमोर आहे.

शिंपीणकाकू – माझ्याही आहे. तो पंखा छताला लावला, बटण दाबलं आणि मी खाली कापड पसरून बसले, आता वारा येईल, मग वारा येईल. वारा सगळा वर. छतावरची वर्षानुवर्षांची जळमटं सुटून माझ्या लग्नाच्या ऑर्डरवर पडली. वारा खाणारा पंखा ऐकलायस कधी? मी तणतणत आले, तर हे दारातच आडवे. म्हणाले, हळू बोला, ती आत आहे. शिडी घेऊन स्वतः आले, चाचपडत वर चढले, मी खाली शिडी धरून, जीव मुठीत. दोन टोकं बदलली आणि खाली उतरून मला बजावलं, तिला यातला एक शब्द कळता कामा नये.

ठिणगी – बाबा?

बाबा – दुसरी मोटार भरलीस, तीही उलटी फिरली. तेव्हा मी म्हटलं, हां, आता शेवटची अदलाबदल कर. तू विचारलंस, ती काय? मी म्हटलं, असते, शेवटी करायची असते. झाली पायरी.

ठिणगी – मला सांगायचं नाही का? चुकतेय म्हणून?

बाबा – काय चुकतंय ते मलाच सापडेना, तर सांगू काय? डोळ्यांत नुकतं धुकं यायला लागलं होतं, ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तू घरी गेलीस की मी तुझ्या कॉइल बोटांनी चाचपायचो. एकेक खाच. सगळं जिथल्या तिथे. पहिलीच्या उजवीकडे दुसरी, दुसरीच्या उजवीकडे तिसरी, माझी असते तशी. आणि चालवली की फिरायची उलटी. वाटलं, डोळ्यांबरोबर डोकंही जायला लागलं की काय. मग म्हटलं, दोन वायरींचा तर प्रश्न आहे, मरू दे.

ठिणगी – उजवीकडे?

बाबा – काय?

ठिणगी – तुम्ही उजवीकडे म्हणालात. मी उजवीकडे जातच नाही. पहिली बसवली की डावीकडे सरकते. हे बघा, म्हणजे… द्या हात. इथे पहिली. इथे दुसरी. माझ्या डावीकडे.

बाबा – माझ्या उजवीकडे.

ठिणगी – तुम्हीच तसं शिकवलंत. मी तुमच्या हातांकडे बघूनच शिकले, तुमचा हात जायचा तिकडे माझा न्यायचे.

बाबा – थांब. तेव्हा तू बसायचीस कुठे?

ठिणगी – इथेच. या स्टुलावर. तुमच्या समोर.

शिंपीणकाकू – घ्या. मला शिवण शिकवणारी बाई कुणालाच समोर बसू द्यायची नाही. समोर बसली की छडी दाखवायची. म्हणायची, समोरून शिकलीस तर डावी बाही उजवीकडे लावशील.

बाबा – समोर बसायचीस. समोरून बघितलं की माझं उजवं ते तुझं डावं. माझ्या बाजूनं जी सुलटी, ती तुझ्या बाजूनं उलटी. आणि मी रात्री माझ्याच स्टुलावर बसून चाचपायचो, म्हणून माझ्या बोटांना सगळं बरोबर लागायचं. एवढी साधी गोष्ट. एवढी वर्षं मी डोकं खाजवतोय.

ठिणगी – मग समोर बसू नको म्हणायचं होतंत.

बाबा – तुला कसं म्हणणार? नवी सून, डबा द्यायला आलेली. कामाकडे बघायला लागलीस ती दारातून. आत ये म्हटलं तर आलीस, स्टूल दिला तर तो उचलून टेबलाच्या पार पलीकडे नेऊन ठेवलास. सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून कशी बसणार तू? मलाही अवघड वाटलं असतं. आपण दोघांनी एकमेकांचा मान ठेवला आणि मोटारी उलट्या फिरल्या.

शिंपीणकाकू – आणि जळमटं माझ्या डोक्यावर पडली.

ठिणगी – पण नंतर तरी. पहिल्याच पंख्याच्या वेळी सांगायचं, की बाई गं, उलटा फिरतोय.

बाबा – त्या दिवशी पंखा फिरला तेव्हा तू तोंडावर दोन्ही हात ठेवलेस. मग हात काढलेस. त्या वेळी तुझं तोंड जे काय झालं होतं, पोरी. माझ्या मुलाच्या लग्नात नव्हतं तसं. मधलं धूसर झालं होतं, पण तेवढं दिसलं. त्यानंतर दिवसेंदिवस धूर वाढत गेला. म्हणजे मी तुझं तोंड नीट बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. त्यावर पाणी कसं ओतू?

शिंपीणकाकू – रडू नकोस. तुझ्या मोटारीत पडेल.

ठिणगी – रडत नाहीये.

बाबा – आता खर्चाचं नीट बोलू. त्या शिकवणाऱ्या बाई अजून काय म्हणाल्या? पोरांचं सांगितलंस, बाईंचं अर्धंच सांगितलंस.

ठिणगी – त्यांनी पोरांना गप्प केलं. म्हणाल्या, उलटी असेल, पण एक वळसा सैल नाही, खाचेतला एक कागद दुमडलेला नाही. तुम्हाला कुणी शिकवलं ते एकदा बघायचंय. मग बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्हाला घेतलंय, पण हात सुलटा करून घ्यावा लागेल आणि ते नवीन शिकण्यापेक्षा अवघड असतं. मला वाटलं, म्हणजे तुमचा हात पुसायचा. सगळ्यात मोठा खर्च तोच वाटला मला. दुकान, गिऱ्हाईक हे सगळं मी नंतर बसमध्ये गोळा केलं, सांगायला.

बाबा – ऐकून घे. तुझ्या हातात आहे तो माझा हात नाही. माझ्या हाताचा आरसा आहे. बाई तो सुलटा करून देणार असतील तर त्या माझाच हात तुला देतील, जो मला देता आला नाही. मी त्यांचे पाय धरायला हवेत.

ठिणगी – आणि दुकान? ते कारण खोटं नाहीये बाबा. पाटी, वायरींचे रंग, ते सगळं खरंच आहे.

बाबा – मोटारी उघडणं, जुनी तार काढणं, खाचा साफ करणं, बेअरिंग बदलणं, हे मी झोपेतही करतो. भरायचं काम संध्याकाळी तू कर. राहिला रंगांचा आणि पाटीचा प्रश्न.

शिंपीणकाकू – तो माझ्यावर सोडा. उद्यापासून माझं मशीन या दारात आणते.

बाबा – कशाला?

शिंपीणकाकू – कशाला म्हणजे? तुमच्या दारात ऊन येतं, माझ्या खोपटात दिवसाही बल्ब लावावा लागतो. आयुष्यभर रंगीत रिळं ओवलीत मी. लाल आणि तांबड्यातला फरक तुमच्या त्या पुलापलीकडच्यांना विचारा, सांगता यायचा नाही. पाटीही वाचेन. फक्त आकडे वाचायला लावू नका पटापट, मला हळू लागतात.

बाबा – आणि दिवसभर बोलणार.

शिंपीणकाकू – तुमची मोजणी चालू असेल तेव्हा गप्प बसेन.

बाबा – मी दिवसभर मोजतच बसेन मग.

ठिणगी – काकू, खरंच कराल तुम्ही एवढं?

शिंपीणकाकू – माझी जळमटं काढलीस ना फुकटात. छत इतकं स्वच्छ नंतर कधीच झालं नाही. कप द्या इकडे. मी जाते, एका ब्लाउजचा गळा बाकी आहे. आणि हो गं, तो कागद मिळाला की पहिली सही माझ्या पंख्यावर करायची. खाली वारा देतो म्हणून लिहून द्यायचं.

बाबा – गेल्या?

ठिणगी – गेल्या. पण पत्र्याला कान लावून असतील.

शिंपीणकाकू – आहेच.

बाबा – सकाळी स्वयंपाकाचं काय करशील?

ठिणगी – तुमचे चिरंजीव म्हणालेत, मी करतो. आधी म्हणाले होते, चाचणीच्याही आधी.

बाबा – भात करपवेल.

ठिणगी – करपवू दे. खाऊ. बाबा, मी एवढं कुणाकुणाचं घेऊन जायचं? त्याची पाठ, काकूंची सकाळ, तुमचं दुकान. प्रमाणपत्रावर माझं एकटीचं नाव येणार.

बाबा – मोटार फिरते तेव्हा वरून फक्त पंखाच दिसतो, ठिणगे. आतली तार कुणाला दिसते? तारेची काही तक्रार नसते. तू फिर.

ठिणगी – उद्या सकाळीच जाऊन हो म्हणून येते.

बाबा – संध्याकाळपर्यंत थांबू नकोस.

ठिणगी – नाही थांबत. मग ही बेकरीची? कॉइल बसवायला घेऊ? आणि कशी घेऊ, सांगा. सवयीनं हात डावीकडेच जाणार.

बाबा – बाईंच्या आधी मला एक संधी दे. स्टूल उचल.

ठिणगी – कुठे ठेवू?

बाबा – इकडे. माझ्या शेजारी. तो डबा सरकव.

ठिणगी – इथे?

बाबा – अजून जवळ ये. मोटार आपल्या दोघांच्या मध्ये नको, दोघांच्या पुढे हवी. हां. आता मी उजवीकडे जाईन तेव्हा तूही उजवीकडे. पहिली कॉइल घे.

ठिणगी – घेतली. बाबा, तुम्ही समोर भिंतीकडे काय बघताय? मोटारीकडे बघा.

बाबा – भिंतीकडे बघितलं की कडेचं दिसतं. जरा थांब, हलू नकोस.

ठिणगी – काय झालं?

बाबा – कपाळाला वॉर्निश लागलंय तुझ्या. पूस.